प्रश्नांचा रकाना

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज पंचायतीच्या कचेरीत फोन आला. आपल्या पळसवाड्याला परदेशी पाहुणी येते आहे. देश किर्गिझस्तान. खरं सांगायचं तर तो नकाशात शोधावा लागला. चीनच्या शेजारी, डोंगराळ, पूर्वी सोव्हिएत रशियाच्या राज्यात होता, आता स्वतंत्र. तिथली ही बाई सरकारी धोरणांचा अभ्यास करते. लोक ग्रामसभेला येतात का, येऊन काय करतात, तिथे ठरलेलं पुढे होतं का, असा विषय. जगात असंही काम असतं आणि त्याचा पगार मिळतो, हे मला आजच कळलं.

आपलंच गाव का निवडलं, असं विचारलं. उत्तर आलं, "तालुक्यात तुमचं प्रोसिडिंग सगळ्यात नीट आहे, भाऊसाहेब." प्रोसिडिंग म्हणजे सभेचं इतिवृत्त. आठवडाभर पुरेल इतका आनंद झाला. सरकारने पाटी बदलून आम्हा ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण गावाला मी भाऊसाहेबच, आणि अक्षर आहे तेच आहे. एकोणीस वर्षं नोकरी झाली, माझ्या प्रोसिडिंगात एक खाडाखोड कोणी दाखवावी.

खात्याला, म्हणजे आमच्या शिपायाला, कपाटावरची धूळ झटकायला लावलं. तो धूळ झटकतो तेव्हा ती एका कपाटावरून दुसऱ्या कपाटावर जाते.

बुधवार, ८ जानेवारी

पाहुण्या आल्या. नाव चिनारा. पन्नाशीच्या आतबाहेर, ठेंगण्या, गाल लाल, डोळे सतत कुठेतरी लागलेले. येताना नंदुरबारबाहेर पथारींवर वाळत घातलेली मिरची बघून गाडी थांबवली म्हणे, आणि वाकून वास घ्यायला गेल्या. मग अर्धा तास शिंकत होत्या. नाक पुसत पुसत विचारलं, "ही लाल जमीन किती लांब आहे?"

दुभाषी म्हणून प्रकाशा गावची दामिनी आहे. गुजर घरातली, केळीवाल्यांची मुलगी. किर्गिझस्तानात सहा वर्षं राहून डॉक्टर होऊन आली आणि आता इथल्या परीक्षेच्या निकालाची वाट बघते आहे. रशियन फाडफाड बोलते. मला काका म्हणते. मी म्हटलं, "एवढं शिकून दुभाष्याचं काम?" तर म्हणाली, "काका, निकाल येईपर्यंत घरी सगळे एकच प्रश्न विचारतात. इथे निदान वेगवेगळे ऐकायला मिळतील."

सरपंच रूपचंद आबांच्या ओसरीवर चहा झाला. मी दोन कप घेतले. थंडी होती आणि आबांकडे दूध घट्ट असतं.

दुपारी रजिस्टरं दाखवली. मॅडमनी प्रोसिडिंगवरून हात फिरवला, एखाद्या कापडावरून फिरवावा तसा. मग दामिनीला काही म्हणाल्या.

"काका, त्या म्हणतात, त्यांच्या वडिलांचं अक्षरही असंच सुंदर होतं. तेही असंच काम करायचे. गावाच्या सोव्हिएतचे, म्हणजे तिथल्या पंचायतीचे, सचिव."

वडिलांची आठवण आली असावी बिचारीला. मी आणखी तीन वर्षांची प्रोसिडिंगं काढून दिली.

शुक्रवार, १० जानेवारी

दोन दिवस दोघी कचेरीत बसून आहेत. दामिनी वाचून अर्थ सांगते, मॅडम कागदावर रेघा ओढतात. पाच पाचच्या जुड्या, मधून एक आडवी. मला वाटलं ठराव मोजताहेत. एकूण ठराव किती, हे मीच सांगणार होतो, पाठ आहे.

चारच्या सुमाराला दामिनी म्हणाली, "काका, त्या विचारताहेत, अकरा वर्षांच्या इतिवृत्तात प्रश्न कुठे आहेत?"

"कसले प्रश्न?"

"सभेत कुणी विचारलेले. या रेघा नुसत्या 'सर्वानुमते'च्या आहेत."

मी म्हटलं, सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर, असं प्रत्येक ठरावाखाली आहे की. चर्चा म्हटली की त्यात प्रश्न आलेच. ते काय वेगळे लिहायचे?

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या देशात त्यांचा पाचसहा जणांचा गट आहे. एखादी योजना चांगली की वाईट, हे आधी ते खर्चावरून आणि इमारतींवरून ठरवायचे आणि दरवेळी चुकायचे. मग कोणीतरी गावागावांच्या सभांचे कागद आणून फक्त प्रश्न मोजायला सुरुवात केली. जिथे लोकांनी प्रश्न विचारले होते, तिथलं काम टिकलं होतं. जिथे सगळं एकमताने, तिथे जाऊन बघितलं तर पंप होता, पाणी नव्हतं. शाळा होती, छप्पर नव्हतं.

विचार करण्यासारखं आहे. पण आपल्याकडे लोक समाधानी आहेत म्हणून विचारत नाहीत, हेही त्यांनी धरायला हवं. तसं मी सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. जाताना सुचवलं, एक रकाना आखून बघा, "विचारलेले प्रश्न". शासनाच्या नमुन्यात असा रकाना नाही. पण मजा म्हणून या डायरीत आखायला काय हरकत आहे? आजचा प्रश्न एक: अकरा वर्षांत प्रश्न कुठे आहेत? विचारणार, चिनारा मॅडम.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

दोघींना घरी जेवायला बोलावलं होतं. रंजनाने कळण्याची भाकरी, भरीत, तिळाच्या वड्या असा बेत केला. मॅडमनी भरीत भाकरीत गुंडाळून खाल्लं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खात राहिल्या.

रंजना एरवी पाहुण्यांत कमी बोलते असं माझं मत होतं. आज तिने अर्ध्या तासात जे विचारलं ते इथे लिहून ठेवतो. तुमच्याकडे बायका सभेला जातात का? घरी कोण थांबतं? पूर्वी जात होत्या तर आता का नाही? हात वर केला नाही तर काय व्हायचं? तुम्ही केला होतात का? रकाना भरला.

मॅडमनी सांगितलं, सोव्हिएत काळात सभेला झाडून सगळे यायचे. यावंच लागायचं. ठराव वाचला जायचा, हात वर व्हायचे आणि कागदावर यायचं, "बिर दोबुश्तान". म्हणजे एका आवाजात. सोव्हिएत गेलं, सक्ती गेली, लोक यायचे थांबले. पण कागदावर "बिर दोबुश्तान" तसंच येत राहिलं. लोक नसले तरी आवाज एकच.

मी हसून म्हटलं, आमच्या सर्वानुमतेसारखंच की.

मग एक प्रकार झाला. मॅडम रंजनाला म्हणाल्या, तुमचं मनापासून कौतुक वाटतं, गेल्या दोन वर्षांतल्या महिला सभेच्या आठही बैठकांना तुम्ही हजर होता.

"मी?" रंजना म्हणाली. "कधी?"

दामिनीने ताटातली वडी उचलली आणि फार लक्ष देऊन खाऊ लागली.

यात लपवण्यासारखं काही नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे. बायकांना रानातून वेळ नसतो. म्हणून खात्या रजिस्टर घेऊन घरोघर जातो आणि सह्या आणतो. सगळीकडे असंच चालतं. आता घरी कोणी नसेल तर खात्या अडून राहत नाही, एवढंच. रंजनाला हे समजावलं. ती म्हणाली, "माझी सही कशी आहे ते तरी बघू द्या एकदा." उद्या दाखवीन म्हटलं.

बुधवार, १५ जानेवारी

दाखवली. तिने बघितली आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा बरी करतो खात्या."

शुक्रवार, १७ जानेवारी

मॅडमना वरचा पाडा बघायचा होता, म्हणून मीही गेलो. गावापासून फार नाही, नाला ओलांडून टेकाडावर अडतीस घरं. भिल्ल वस्ती. मजुरीला जाणारी माणसं, दिवसा पाड्यात म्हातारी, पोरं आणि शेळ्या. नळपाणी योजनेचं काम झालं तेव्हा मोजमापाला गेलो होतो, त्यानंतर आजच. मधे दोन वर्षं कशी गेली कळलं नाही.

बघून समाधान वाटलं. अडतीसच्या अडतीस नळ जागेवर, खांब सरळ, निळा रंगसुद्धा उडालेला नाही. गावात तर निम्म्या तोट्या गळतात. दिवलीबाईच्या अंगणातल्या नळाला शेळी बांधलेली होती. मी म्हटलं, "बाई, सरकारी वस्तूला जनावर बांधू नये." ती तोंडावर पदर घेऊन हसली. "मंग काय बांधू, भाऊसाहेब?"

तिने चहा केला. मॅडमनी आणि दामिनीने घेतला. माझं पोट नाजूक आहे, मी बाहेरचं पाणी पीत नाही, घरून बाटली नेतो. खात्याही तिथेच होता, त्याचं घर त्याच पाड्यात. त्याने दोन कप घेतले.

मॅडमनी विचारलं, या चहाचं पाणी कुठून आणलं? दिवलीबाईने खाली नाल्याकडे हात केला. वाळूत उकरलेला झिरा आहे, त्यात वाटीने भरतात. मॅडमनी उठून जाऊन बघितला. चढ-उताराला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं, एकदा रिकाम्या हाताने आणि एकदा हंडा घेऊन. दुसऱ्या खेपेला चढावर त्यांना दोनदा थांबावं लागलं आणि पाड्यातल्या पोरी टाळ्या वाजवत होत्या.

दाब कमी असेल तर तो पाणीपुरवठ्याच्या लोकांचा विषय. नळजोडणी झाली की नाही, हा माझा. झाली आहे.

सोमवार, २० जानेवारी

तालुक्याहून पत्र आलं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव हवा: गावातील सर्व दोनशे बारा कुटुंबांना नळाने नियमित पाणी मिळते, योजना पूर्ण. आधी महिला सभेची शिफारस, मग ग्रामसभेचा ठराव. तालुक्यात पहिलं शंभर टक्के नळांचं गाव आपलं होणार. रूपचंद आबा फेटा शोधायला लागले आहेत. पत्राबरोबर आलेल्या तालुक्याच्या साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यंदा आदर्श पुरस्कारासाठी नाव तुमचंच आहे. एकोणीस वर्षांत दुसऱ्यांच्या सत्कारांना टाळ्या वाजवून हात दुखले होते.

दामिनीने विचारलं, ठराव झाल्यावर पुढे काय होतं? मी सांगितलं, योजना पूर्ण झाली असं धरतात, फाईल बंद. मग त्याच गावाला त्याच कामासाठी पुन्हा काही मागता येत नाही. मागायचं कशाला, पूर्ण झालं ना.

तिने हे भाषांतर करून सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

मॅडमना उद्याची महिला सभा प्रत्यक्ष बघायची आहे. म्हणजे ती प्रत्यक्ष घ्यावी लागणार. हरकत नाही. खात्याला भोंगा देऊन दवंडीला पाठवलं. तो नेहमी मधल्या गल्लीत एक फेरी मारून परत येतो. आज दामिनी त्याच्याबरोबर गेली, आणि दोघं दोन तासांनी परतली.

मी उद्याचं इतिवृत्त लिहून ठेवलं. ही माझी जुनी पद्धत. सभेत बसून लिहिलं की अक्षर बिघडतं, गडबडीत शब्द राहतात. आदल्या दिवशी शांतपणे लिहावं. पान सत्त्याऐंशी. "उपस्थित महिलांनी सविस्तर चर्चा करून सर्व कुटुंबांना नळाद्वारे नियमित पाणी मिळत असल्याबद्दल समाधान व्यक्त केले व सर्वानुमते शिफारस केली." पान इतकं देखणं उतरलं आहे की पुन्हा उघडून बघितलं.

शनिवार, २५ जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सभा मारुतीच्या पाराजवळ ठेवली होती. आठदहा बायका येतील असा अंदाज होता. गावातल्या तेवढ्या आल्या, रंजनाही आली. तिला मी बोलावलं नव्हतं. अकराच्या सुमाराला नाल्याकडून बायकांची रांग येताना दिसली. वरचा पाडा आख्खा. मजुरी बुडवून आल्या होत्या.

मी विषय वाचला. दिवलीबाई उठली. पदराखालून काढून तिने माझ्या टेबलावर नळाची तोटी ठेवली. अंगणातली, पान्याने सोडवून आणलेली. पितळी, नवी कोरी, आतून कोरडी.

"भाऊसाहेब, हाई काय शे?"

"तोटी आहे बाई."

"याम्हाईन काय येस?"

यातून काय येतं म्हणून मी तोटी उलटी करून बघितली. बायका हसायला लागल्या.

"दोन वरीस व्हयनात," ती म्हणाली. "नळ बसाडा त्या दिन टँकरनं पानी उनं. फोटो काढा. दुसरा दिनपाईन आजलगून थेंब नही. मंग आम्हना पाडाले पानी कधी येल? तेवढं सांगा."

रंजना मागून म्हणाली, "विचारतेय ना ती. सांगा की."

मी म्हटलं, मुद्दा नोंद घेण्यासारखा आहे.

"लिखा मंग. मी इचारी ऱ्हायनी, ते लिखा."

समोर पान सत्त्याऐंशी उघडं होतं, वरपासून खालपर्यंत भरलेलं. मी त्यावर कोपर ठेवलं. "लिहितो," म्हणालो, आणि पेन हवेत तसंच धरून बसलो. मॅडम चार हातांवर होत्या. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण भरलेलं पान कुणालाही ओळखता येतं. त्यांनी नजर खाली केली. माझ्यासाठी केली, हे मला कळलं, आणि फार लाज वाटली.

बायका गेल्या. तोटी टेबलावरच राहिली.

खात्या सतरंजी गुंडाळत होता. गावातल्या टाकीची चावी तोच फिरवतो. पाणी सोडणारा तोच, वरच्या पाड्यात राहणारा तोच. मी विचारलं, "खात्या, तुझ्या घरच्या नळाला तरी येतं का रे?"

"नही."

"दोन वर्षं?"

"दोन वरीस. पानी चढतच नही तठे. टाकी खाले शे, पाडा वर शे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

त्याने सतरंजी खांद्यावर घेतली. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुम्हीन कधी इचारं नही, भाऊसाहेब."

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन झालं, पोरांची भाषणं झाली, लाडू वाटले. दरवर्षी लाडू हातात पडला की गाव पांगतं. कोरम भरत नाही, मी सभा तहकूब करतो आणि अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा सुरू करतो, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. दहाबारा माणसांत गावाचा वर्षाचा कारभार उरकतो. मॅडमना हा नियम इतका आवडला होता की त्यांनी तो तीनदा समजून घेतला होता.

आज तहकूब करता आली नाही. दामिनीने डोकी दोनदा मोजली, एकशे एकतीस. वरच्या पाड्याचे पुरुषही आले होते, लाडू रुमालात बांधून खाली बसून होते. मॅडम शेवटच्या ओळीत, आणि आज त्यांच्या हातात कागद नव्हता.

रूपचंद आबा फेटा सावरत म्हणाले, "वाचा भाऊसाहेब, महिला सभेनी शिफारस वाचा." आणि हळूच मला, "दोन मिन्टमा उरका."

मी पान सत्त्याऐंशी उघडलं. तोंड उघडणार तोच दिवलीबाई उठून थेट टेबलापाशी आली.

"आधी मन्हा सवाल कोठे लिखेल शे ते बोट धरी दखाडा."

तिला वाचता येत नाही. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. मी कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं असतं तरी तिला खरं मानून परत जावं लागलं असतं. तिने हात पुढे केला, तर्जनी ताठ, आणि वाट बघत उभी राहिली. मी तिचं बोट धरलं. पानावर एक ओळ नव्हती जिच्यावर ते ठेवता आलं असतं.

आबा खाकरले. मी बोट सोडलं, खिशातून लाल पेन काढलं आणि पान सत्त्याऐंशीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली. रद्द. खाली सही, तारीख. एकोणीस वर्षांतली पहिली खाडाखोड.

"काय करी ऱ्हायनात, भाऊसाहेब?" आबा उठलेच.

"चूक दुरुस्त करतोय."

पान अठ्ठ्याऐंशी घेतलं. उभ्यानेच लिहिलं, सगळ्यांसमोर, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "विचारलेला प्रश्न: वरच्या पाड्याला पाणी कधी येणार? विचारणार: दिवलीबाई. उत्तर: सभेत कोणालाही देता आले नाही." मग तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. शाई ओली होती. तिने बोट ओळीवरून शेवटपर्यंत फिरवलं आणि अक्षरं फासली गेली. पान साफ बिघडलं.

त्यानंतर आणखी नऊ प्रश्न आले. मशानाचा रस्ता, अंगणवाडीचं छप्पर, रात्रीचा सिंगल फेज. पुरुषांनीही विचारले. मला लिहिता लिहिता पुरे झालं. शंभर टक्क्यांचा ठराव कोणी मांडलाच नाही. आबा शेवटपर्यंत थांबले, पण फेटा काढून मांडीवर ठेवला होता. जाताना म्हणाले, "पुरस्कार गया तुम्हना." मी म्हटलं, "हो आबा." ते थोडं चालून मागे वळले. "पन पानी खरंच येत नही तठे?" तोही प्रश्न होता, पण सभा संपली होती, म्हणून इथे लिहिला.

रविवार, २ फेब्रुवारी

मॅडम आज गेल्या. नंदुरबार स्टेशनवर सोडायला गेलो. रंजनाने तिळाच्या वड्या आणि वाळलेल्या मिरच्या बांधून दिल्या. मिरच्या पिशवीत सगळ्यात खाली घातल्या, दहा पदरांत गुंडाळून.

गाडीला उशीर होता. मॅडम आपणहून वडिलांबद्दल बोलू लागल्या. दामिनी हळू आवाजात सांगत होती.

"त्यांनी तीस वर्षं लिहिलं. सुंदर लिहिलं. गावात पाण्याचा पंप नव्हता, कागदावर होता. घरातून आम्ही नदीवर जायचो, बर्फ फोडून पाणी आणायचो. त्या पाण्याने चहा व्हायचा, आणि तो पिऊन ते पंप चालू असल्याचं लिहायचे. वाईट माणूस नव्हते. ते निवृत्त झाले त्या दिवशीच्या सभेच्या कागदावर चारशे बारा सह्या आहेत. निरोपाला चौघं आले. आम्हीच चौघं, घरचे."

मी विचारलं, तुम्ही त्यांना कधी काही विचारलं नाही?

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "नाही," म्हणाल्या. "म्हणून आता सगळ्यांना विचारत फिरते."

गाडी आली. मला त्यांच्या अहवालात आपल्या गावाचं काय येणार हे विचारायचं होतं. राहून गेलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तालुक्याहून दोन कागद आले, एकाच पाकिटात. एक कारणे दाखवा नोटीस: ठराव का झाला नाही, महिला सभेचं इतिवृत्त कोणत्या अधिकारात रद्द केलं, सात दिवसांत खुलासा करावा. दुसरा, पाणीपुरवठ्याचे अभियंता पाहणीला येणार. ते सकाळी येऊनही गेले. वरच्या पाड्यावर टेकाडाच्या माथ्याला वेगळी छोटी टाकी आणि पंप लागेल, तसा प्रस्ताव पाठवतो, म्हणाले. योजना अजून पूर्ण झालेली नाही म्हणून पाठवता येतो. कधी होईल, असं दिवलीबाईने विचारलं. उन्हाळ्याआधी सांगता येणार नाही, म्हणाले. तेही लिहून घेतलं. पाणी अजून आलेलं नाही. तोटी तिने परत नेऊन बसवली आहे, शेळी मात्र आता खुंट्याला बांधते.

दामिनीचा निकाल लागला, पास झाली. फोनवर म्हणाली, "काका, आता घरच्यांनी नवा प्रश्न काढला, लग्न कधी?"

पुरस्कार शेजारच्या गावाच्या भाऊसाहेबांना मिळाला. वाईट वाटलं. नाही म्हणणार नाही. पेपरात त्यांचा फोटो बघून पेपर उलटा ठेवला. रंजनाने तो सरळ केला आणि म्हणाली, "अक्षर तरी बरं आहे का त्यांचं?" हसू आलं.

उद्या महिलांची खास सभा आहे, टाकीच्या जागेसाठी. या वेळी वरच्या पाड्यात, दिवलीबाईच्या अंगणात. दुपारी खात्या सवयीने प्रोसिडिंग, पेन आणि टाचण्या टेबलावर मांडून गेला. थोड्या वेळाने परत डोकावला.

"भाऊसाहेब, आज लिखानं नही का?"

"नाही. उद्या ऐकून लिहू."

तो दारातच उभा राहिला. हा माणूस इतकी वर्षं माझ्यासमोर उभा राहतो, मी सांगेपर्यंत हलत नाही आणि सांगितलं की जातो. आज तो गेला नाही.

"भाऊसाहेब, एक इचारू का?"

"विचार."

"त्या दिन तुम्हीन पाडाम्हा चहा काबर नही पिधा? आबाकडे तं पेतस."

मी पोटाचं सांगायला तोंड उघडलं. मग लक्षात आलं की त्याने उत्तर मागितलेलं नाही. तो नुसता बघत होता, मी लिहितो की नाही ते.

लिहिलं. आजची तारीख. विचारलेला प्रश्न: पाड्यात चहा का घेतला नाही? विचारणार: खात्या. उत्तर: अजून दिलेले नाही.

घरी येऊन रंजनाला सांगितलं, उद्या बाटली भरू नकोस.